घड्याळात दिसते तेवढीच का आपली झोप?

केतकी_कोथरूड
मंडळी, भाऊबीजेला भावाने ओवाळणीत स्मार्टवॉच घातलं. पावलं मोजायला म्हणून वापरायला लागले आणि भलतंच व्यसन लागलं. सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी झोपेचा स्कोअर बघायचा. ८० च्या वर असेल तर स्वारी खूश. ६० च्या घरात असेल तर 'आज आपली झोप झालेली नाही' हे दिवसभर डोक्यात. आणि स्कोअर बघेपर्यंत मला छान ताजंतवानं वाटत असतं, हे विशेष!

मुख्य प्रश्न असा. माझी 'डीप स्लीप' कायम ४०-४५ मिनिटं दाखवतं. नवरोबांच्या हातात दुसऱ्या कंपनीचं घड्याळ आहे, त्यांची दोन तासांच्या खाली कधी येतच नाही. ते रात्रभर असे घोरतात की खालच्या मजल्यावरचे चौकशी करतात. मग हे कसं काय? माझ्या झोपेत खोट आहे की घड्याळात? वय ४३, बीपी-थायरॉईड काही नाही, दुपारी झोपत नाही. जाणकारांनी सांगावं.

निद्रानाशिककर
आठवडाभर दोघांनी घड्याळं बदलून बघा. डीप स्लीप माणसाबरोबर जाते की घड्याळाबरोबर राहते ते कळेल.

बाकी शेजारी असा माणूस घोरत असताना ४५ मिनिटं गाढ झोप म्हणजे आपला साष्टांग नमस्कार.

झोपाळू_चिमणी
अगदी अगदी! मी रात्री दीड तास मोबाईल बघत लोळत होते, तो वेळ माझ्या घड्याळाने 'लाइट स्लीप' म्हणून धरला. आईला दाखवलं, म्हटलं बघ, मी झोपले होते.

सिग्नलमास्तर
केतकीताई, मी वैद्यकीय उपकरणांच्या सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करतो, घड्याळ विकणाऱ्या कुठल्याही कंपनीत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मनगटावरच्या घड्याळाकडे झोप ओळखायला मुळात दोनच गोष्टी असतात. एक, हालचाल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर. दुसरा, मागच्या बाजूचा हिरवा दिवा आणि त्याशेजारचा प्रकाश टिपणारा सेन्सर. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं-कमी होतं, तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी मिळते. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतंय ते बघितलं की श्वासाच्या लयीचाही अंदाज येतो. काही घड्याळांत त्वचेचं तापमान आणि ऑक्सिजनसाठी लाल व इन्फ्रारेड दिवे असतात. एवढाच ऐवज.

आता 'गाढ झोप' कशाला म्हणायचं याची व्याख्या बघा. झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतात. मेंदूच्या आलेखात सेकंदाला अर्धी ते दोन या संथ गतीच्या, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच लाटा त्या तुकड्याच्या निदान २० टक्के भागात दिसल्या, तरच तो तुकडा गाढ झोपेचा. म्हणजे व्याख्याच मेंदूच्या लाटांची आहे, आणि घड्याळ बसलंय मनगटावर! रेम झोपेचं, म्हणजे जिच्यात जास्त करून स्वप्नं पडतात तिचं, तेच. १९५३ साली शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती जगापुढे मांडली ती डोळ्यांच्या हालचालींवरून. आसेरिन्स्कीने त्यासाठी स्वतःच्या लहान मुलालाच इलेक्ट्रोड लावून रात्री जागवल्या होत्या. घड्याळाला डोळेही दिसत नाहीत.

मग ते करतं काय? गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी चालते, रेममध्ये नाडी-श्वास अनियमित होतात पण हातपाय जवळपास लुळे असतात. हजारो रात्रींची प्रयोगशाळेतली नोंद आणि त्याच रात्रींची मनगटावरची नोंद शेजारी ठेवून संगणकाला हे संबंध शिकवलेले असतात. समोरच्या बिल्डिंगमधले लागलेले-विझलेले दिवे बघून घरात कोण काय करतंय ते ओळखण्यातला हा प्रकार आहे. जेवायची वेळ बरोबर ओळखाल, जेवायला काय होतं ते सांगता येणार नाही.

प्रत्येक कंपनीचं हे शिकवणं वेगळं आणि गुपित. म्हणून दोन कंपन्यांच्या डीप स्लीपची तुलना करण्यात अर्थ नाही. अ‍ॅप अपडेट झाल्यावर एकाच घड्याळाचेही आकडे रातोरात बदलू शकतात.

चिमणीताई, तुमचा लोळण्याचा दीड तास झोपेत धरला जाणं ही तर मनगटी नोंदीची जुनीच दुखरी नस. स्मार्टवॉच येण्याच्या कितीतरी आधीपासून संशोधक मनगटाच्या हालचालींवरून झोप मोजत आलेत, त्याला अ‍ॅक्टिग्राफी म्हणतात. माणूस झोपलेला असताना 'झोपला' असं ही यंत्रं नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर सांगतात. पण निपचित पडून जागा असलेला माणूस त्यांना झोपलेलाच वाटतो. नाडी मोजायला लागल्यापासून सुधारणा आहे, तरी हा दोष गेलेला नाही.

केतकी_कोथरूड
बापरे, किती छान समजावलंत! म्हणजे झोपले किती वाजता, उठले किती वाजता हे मानायचं, आणि मधलं पान वाचायचंच नाही?

सिग्नलमास्तर
वाचा, पण एका रात्रीचं नको. तेच घड्याळ, तोच हात, पट्टा नीट बसलेला, आणि महिन्याभराचा कल. त्यात काही ठळक बदल दिसला तर बघायचं. '४५ मिनिटं' या आकड्याला सुटं काही मोल नाही.

मोठ्या माणसात साधारण एकूण झोपेच्या १५ ते २० टक्के गाढ झोप असते, रेम २० ते २५ टक्के, उरलेली बहुतेक हलकी. वय वाढेल तशी गाढ झोप कमी होत जाते. सगळी रात्रच गाढ झोपेची असावी असं कुठेही नाही, हलकी झोप म्हणजे वाया गेलेली झोप नव्हे. आणखी एक, गाढ झोप बरीचशी रात्रीच्या पहिल्या भागात येते, रेम पहाटेकडे लांबत जाते. पहाटे चारचा गजर लावून उठणाऱ्याची कात्री रेमवर जास्त चालते.

चारपंचवीसची_लोकल
शेवटचं वाक्य वाचून आमच्या अख्ख्या डब्याची रेम गेली असं दिसतंय. डबा सवयीने बदलापूर ते ठाणे उभ्या उभ्या झोपतो, त्याची नोंद कुठल्या घड्याळात होते का?

सदाशिव_पेठी
आमच्या वामकुक्षीची तरी कुठे होते? चिरंजीवांनी अमेरिकेहून महागडं घड्याळ पाठवलंय. दुपारी एक ते चार आमचं जग बंद असतं हे साऱ्या पुण्याला ठाऊक, पण घड्याळाला पत्ता नाही. वर संध्याकाळी सल्ला देतं की आज झोप कमी झाली, लवकर झोपा. वय ७४. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, नाडी संथ करणारी. तिचा काही परिणाम?

सिग्नलमास्तर
काका, बरीच घड्याळं मुख्यतः रात्रीची लांब झोप शोधतात. फिटबिटचं उदाहरण द्यायचं तर सलग तीनेक तासांपेक्षा कमी झोपेचे टप्पे ते दाखवतच नाही. दुपारची डुलकी कुणी धरतं, कुणी हाताने भरायला लावतं.

गोळीचं तुम्ही बरोबर हेरलंत. बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असेल तर नाडीचे चढउतार दबतात, आणि घड्याळाचा सगळा अंदाज त्या चढउतारांवर. ठोके अनियमित असणाऱ्यांचंही तसंच. अशा लोकांनी टप्प्यांकडे आणखी दुर्लक्ष करावं. गोळीकडे मात्र नको, ती चालू ठेवा!

सदाशिव_पेठी
गोळी चालू आहे. वामकुक्षीही.

रात्रपाळी_सिस्टर
मी सरकारी इस्पितळात नर्स. आठवड्याला पाळी बदलते. नाईटवरून येऊन सकाळी नऊला झोपते, दोनला मुलं शाळेतून येतात म्हणून उठते, मग संध्याकाळी पुन्हा तासभर. घड्याळ याचे कधी दोन तुकडे करतं, कधी एकच धरतं, आणि स्कोअर नेहमी नापासाचा. खाली लिहून येतं, 'झोपेची वेळ रोज एकच ठेवा.' अगं बाई, ते माझ्या मेट्रनला सांग! चिडून सूचना बंद केल्या. फक्त आठवड्याचे एकूण तास बघते. तेवढा उपयोग खरंच होतो, कारण नाईटच्या आठवड्यात आपली किती झोप जाते ते आपल्याला स्वतःला कळत नाही. मला वाटायचं तासाभराचा फरक असेल. आकडे बघून इनचार्जशी बोलले आणि सलग नाईटच्या मध्ये एक सुट्टी पदरात पाडून घेतली.

विदाभक्त
'वेळ रोज एकच ठेवा' हा सल्ला सिस्टरांना देणं क्रूर आहे, पण त्यामागे विदा (डेटा) भक्कम आहे. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक प्रकल्पात ६० हजारांहून अधिक लोकांनी आठवडाभर मनगटावर हालचालमापक बांधला होता. २०२४ च्या सुरुवातीला 'स्लीप' या नियतकालिकात त्याचं विश्लेषण आलं. किती तास झोपतो यापेक्षा झोपण्या-उठण्याच्या वेळा किती नियमित आहेत यावरून पुढच्या काही वर्षांतल्या मृत्यूच्या धोक्याचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, आजारी माणसाच्या वेळाही विस्कटतात. पण बघा, हे सगळं निघालं ते साध्या हालचालमापकातून. मनगटावरून जे चांगलं मोजता येतं ते हेच, वेळा. आणि नेमका तोच आकडा अ‍ॅपमध्ये तीन पानं आत दडवलेला असतो. दर्शनी भागात काय, तर रंगीत डीप स्लीप!

केतकीताई, तुम्ही पहिल्या परिच्छेदात लिहिलेली 'स्कोअर बघेपर्यंत ताजंतवानं' ही गोष्ट मला डीप स्लीपपेक्षा महत्त्वाची वाटते. तिच्यावर प्रयोग झालेला आहे. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निद्रानाश असलेल्या लोकांना मनगटी यंत्र दिलं आणि सकाळी झोपेबद्दल खोटी माहिती दाखवली, काहींना 'चांगली झाली', काहींना 'वाईट झाली'. ज्यांना वाईट सांगितलं त्यांची दिवसभरातली मनःस्थिती आणि तरतरी खालावलेली निघाली, थकवा-झोपाळूपणा वाढलेला. झोप कशी झाली याच्याशी त्या माहितीचा काही संबंधच नव्हता.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ साली, अशा रुग्णांवर लेख लिहून या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नावच देऊन टाकलं. झोप परिपूर्ण दिसावी या ध्यासापायी झोप बिघडणं. त्यातल्या रुग्णांचा प्रयोगशाळेतल्या चाचणीपेक्षा हातातल्या यंत्रावर जास्त विश्वास होता.

बिनघड्याळी
म्हणून आम्ही लावतच नाही. आमच्या आजीला काही घड्याळ-बिड्याळ नव्हतं, पडली की झोपायची. कंपन्यांनी आधी पाणी विकलं, आता झोप विकतायत. आणि तुमच्या झोपेचा हिशोब नक्की कोणाकडे जातो ते विचारा. उद्या विमावाले मागतील.

विदाभक्त
विदेचा मुद्दा रास्त आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झालाय, तरी अ‍ॅपला कसली कसली परवानगी दिली आहे ते ज्याने त्याने सेटिंगमध्ये जाऊन बघावं. संपर्कयादी आणि ठिकाण यांचा झोपेशी काय संबंध?

आजीच्या बाबतीत असहमत. माझी आजी रात्री दोन-दोनदा उठून बसायची, खोकायची, जप करायची. तिला कोणी विचारलं नाही एवढंच.

झोपाळू_चिमणी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

निद्रानाशिककर
वर थट्टा केली, आता थोडं गंभीर. आयडी उगाच घेतलेला नाही. मला खरोखरीचा, औषधं चालू असलेला निद्रानाश होता. घड्याळ मी डॉक्टरांना पुरावा म्हणून दाखवायला घेतलं होतं. रात्री तीनला जाग आली की आधी मनगट वळवून 'आतापर्यंत किती झाली' ते बघायचं, मग उरलेल्या तासांची वजाबाकी, मग घाम.

ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी पहिल्याच भेटीत घड्याळ काढायला लावलं आणि दोन रुपयांच्या पेनाने वहीत लिहायला सांगितलं. अंथरुणात किती वाजता, अंदाजे झोप कधी, मध्ये किती वेळ जाग, उठलो कधी, आणि दिवस कसा गेला. मिनिटांची अचूकता अजिबात नको, सकाळी आठवेल तेवढंच. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळही तोंड फिरवून ठेवायला लावलं.

पुढे जी उपचारपद्धती केली ती सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायची पद्धत. २०१६ पासून अमेरिकन फिजिशियनांच्या मार्गदर्शक तत्त्वांत जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हीच करा असं आहे. आणि ती ऐकायला उलटी वाटते. झोप येत नाही म्हणून जास्त वेळ पडून राहायचं नाही, उलट अंथरुणातला वेळ कमी करायचा. मी नऊ तास लोळून साडेपाच तास झोपत होतो, तर मला रात्री साडेबारा ते साडेसहा एवढंच अंथरूण मंजूर झालं. झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत जायचं, पेंग आली की परत. अंथरुणात मोबाईल, जेवण, काळजी, सगळं बंद. पहिले दोन आठवडे माणूस शिव्या देतो. मग झोप घट्ट होते आणि अंथरुणाची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवतात. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचून स्वतःचं स्वतः सुरू करू नये, आमच्या बाईंनी हे आधी विचारून घेतलं होतं.

आता घड्याळ परत लावतो, पण दिवसा. चालण्यासाठी.

केतकी_कोथरूड
नाशिककर, मनापासून लिहिलंत. स्कोअरची सूचना बंद केली आहे.

तारांची_ताई
उशिरा पोचले. मी निद्राप्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, म्हणजे रात्री तुम्हाला तारा लावणारी बाई. सिग्नलमास्तरांनी व्याख्या दिलीच आहे, प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायांवर इलेक्ट्रोड. नाकाशी श्वासाची नळी. छातीवर आणि पोटावर पट्टे. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. वर कॅमेरा. सकाळी ते तीस-तीस सेकंदांचे तुकडे आम्ही एकेक करून बघतो, आठ तासांचे ९६०. आणि हे पण सांगते की दोन अनुभवी तंत्रज्ञांचंही प्रत्येक तुकड्यावर एकमत होत नाही, विशेषतः नुकती लागलेली झोप आणि हलकी झोप यांच्यात. शिवाय अनोळखी जागी पहिल्या रात्री कुणाला धड झोप लागत नाही, त्याचाही हिशोब धरावा लागतो. तेव्हा 'खरा' आकडासुद्धा दगडावरची रेघ नाही.

पण मी लिहायला आले ते वेगळ्याच कारणासाठी. केतकीताई, हा सगळा धागा तुमच्या ४५ मिनिटांवर चाललाय आणि तुम्ही तर ठणठणीत दिसता. मला काळजी तुमच्या यजमानांची वाटते. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं घोरणं. घोरताना मध्येच आवाज बंद होतो का? आणि मग एकदम धाप लागल्यासारखा मोठा श्वास? बीपी आहे का? मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड आहे का? सकाळी डोकं दुखतं का? सिग्नलला गाडी थांबली की पेंगतात का?

केतकी_कोथरूड
आवाज बंद होतो, हो. मला वाटायचं चला, थांबले एकदाचे! बीपीची गोळी दोन वर्षांपासून. वय ५१. शर्टाची कॉलर १७ नंबर. चांदणी चौकातून येताना मागच्यांनी हॉर्न वाजवल्यावर गाडी पुढे घेतात. पण त्यांचा झोपेचा स्कोअर रोज ८५-९० असतो हो, म्हणूनच मी...

तारांची_ताई
१७ नंबर म्हणजे ४३ सेंटिमीटर. स्कोअर बाजूला ठेवा आणि छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन जा. हे स्लीप अ‍ॅप्नियाचं चित्र असू शकतं. झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास चालू करतो. तासाला अशा ५ घटना सौम्य, १५ पासून मध्यम, ३० च्या वर तीव्र. ती क्षणभराची जाग माणसाला सकाळी आठवत नाही, आणि इतकी बारीक जाग मनगटावरून सुटून जाऊ शकते. आपल्या देशात या आजाराचे सुमारे १०.४ कोटी लोक असावेत असा एम्सच्या अभ्यासकांचा २०२३ चा अंदाज आहे. बहुतेकांना पत्ता नाही, कारण घोरणं आपल्याकडे विनोदाचा विषय.

तोवर घरी एपवर्थची प्रश्नावली भरून घ्या. आठ प्रसंग असतात, वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसलं असताना, गाडी रहदारीत थांबली असताना वगैरे, आणि प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता ० ते ३. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्तच आहे. त्यांच्याऐवजी तुम्ही भरा, पुरुष स्वतःला शून्य देतात.

ढाराढूर
हे वाचून राहवलं नाही. मी तोच माणूस आहे, फक्त उलट्या बाजूने आलेला. बायको पाच वर्षं सांगत होती. घड्याळाने महिन्याभरात 'श्वासात अडथळे दिसतात' असं कळवलं आणि मी निमूट गेलो. बायको अजून टोमणा मारते की तुला माझ्यापेक्षा घड्याळ खरं. चाचणीत तासाला ३८. आता सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) लावून झोपतो, बीपीची एक गोळी कमी झाली.

सिग्नलमास्तर
चांगली नोंद. सॅमसंगच्या या सोयीला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि अ‍ॅपलच्या सोयीला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली. तिथे झोपेचे टप्पे येत नाहीत. अ‍ॅपलचं घड्याळ मनगटाच्या सूक्ष्म हालचालींतून श्वासातले अडथळे मोजतं आणि ३० दिवसांतल्या निदान १० रात्री बघून मध्यम ते तीव्र आजाराची शक्यता असेल तरच सूचना देतं. मंजुरी आहे ती 'डॉक्टरकडे जा' एवढं सांगण्याची, निदानाची नाही. स्वस्त घड्याळांत 'अ‍ॅप्निया' असा शब्द दिसला म्हणून त्यामागे अशी चाचणी झाली आहे असं समजू नका.

चारपंचवीसची_लोकल
म्हणजे सूचना आली नाही तर आपण सुखरूप?

तारांची_ताई
नाही! सूचना आली तर जरूर जा. नाही आली तरी लक्षणं असतील तर जा. रात्रीचा ऑक्सिजन बघूनही धीर धरू नका. हाताखाली मनगट दाबलं गेलं किंवा पट्टा सैल असला की तो उगाच ८५ दाखवतो, आणि उलटंही होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या इस्पितळांतल्या बोटाच्या ऑक्सिमीटरांचा अभ्यास आला होता. कमी झालेला ऑक्सिजन सुटून जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. इस्पितळातल्या उपकरणाची ही कथा.

सांगलीचा_हळद्या
दादा-ताईंनो, दोन हजारात कुठलं घेऊ ते सांगा ना. झोप पण बघायचीय.

सिग्नलमास्तर
वेळा आणि नाडी बघायला स्वस्तातलं फिटनेस बँडही चालेल. बॅटरी आठवडाभर टिकणारं घ्या, रोज चार्जिंगला लावायचं घड्याळ नेमकं रात्रीच टेबलावर पडून राहतं. दुकानात एक करून बघा. घड्याळ गुंडाळलेल्या रुमालाला बांधा आणि नाडी मोजायला सांगा. रुमालाला ७२ ठोके निघाले तर ते रुमालालाच घेऊ द्या.

केतकी_कोथरूड
अपडेट. एपवर्थ मी भरलं, १४ आलं. त्यांनी स्वतः भरलं तेव्हा ४. डॉक्टरांनी घसा तपासून घरी करायची चाचणी लिहून दिली आहे, शनिवारी रात्री माणूस यंत्र घेऊन येणार. काही तयारी?

तारांची_ताई
घरच्या चाचणीत डोक्याला तारा नसतात, त्यामुळे तेलाची भीती नाही. (प्रयोगशाळेत येणार असाल तर कृपया, कृपया डोक्याला तेल चोपडून येऊ नका. इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि आमची अर्धी रात्र शाम्पूत जाते.) नखं साफ असू द्या. त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, चहा-कॉफी दुपारनंतर नको, दारू तर अजिबात नको. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. नेहमी कुशीवर झोपत असतील तर कुशीवरच झोपू दे.

एक लक्षात असू द्या. या यंत्राला माणूस झोपला कधी ते कळत नाही, ते अडथळ्यांना एकूण नोंदीच्या तासांनी भागतं. रात्रभर तळमळत जागे राहिले तर आकडा खराहून कमी येतो. तेव्हा अहवाल 'नॉर्मल' आला आणि लक्षणं अशीच राहिली, तर प्रयोगशाळेतली पूर्ण चाचणी मागून घ्या.

गुहागरकर
ढाराढूर, एक शंका. वडिलांना सीपॅप सांगितलंय पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही. मास्क तोंडावर आणि मशीन बंद, म्हातारा माणूस गुदमरायचा की. म्हणून आई नको म्हणते.

ढाराढूर
मलाही हीच भीती होती. मास्कला हवा बाहेर जायची भोकं कायम उघडी असतात. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडप असते. मशीन बंद पडलं की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. शिवाय हवेचा झोत थांबला की कोंदट वाटून माणूस बहुतेक जागा होतोच. विक्रेत्याला मशीन बंद करून ती झडप दाखवायला सांगा, आईंच्या समोर.

आणि घरी इन्व्हर्टर असेल तर निम्मी चिंता मिटली. सगळ्यात जास्त वीज खातो तो हवा ओलसर करणारा हीटर. पावसाळ्यात कोकणात तो लावायची गरजही नाही, बंद ठेवलात तर मशीन पंख्याबरोबर रात्रभर चालतं. आमच्याकडे बॅटरी १५० एएचची आहे, तुमची किती आहे ते कळवा, हिशोब करून सांगतो.